रॅम्बोची परतीची वाट

१९८२ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ तारखेस अमेरिकेंत ‘फर्स्ट ब्लड’ या नांवाचा एक चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभीं एक तरुण खांद्यावर पिशवी टाकून रस्त्यानें पायीं चालत येतो. २००८ सालच्या जानेवारीच्या २५ तारखेस त्याच देशांत ‘रॅम्बो’ एवढ्याच नांवाचा दुसरा एक चित्रपट लागला. त्याच्या अखेरीस तोच मनुष्य, आतां साठी उलटलेल्या चेहऱ्याचा, तशीच पिशवी खांद्यावर टाकून तसाच पायीं चालत जातो. या दोन चालण्यांमध्यें पंचवीस वर्षें गेलीं व आणखी दोन चित्रपट होऊन गेले. तेवढ्या अवधींत हा मनुष्य व्हिएतनाम, अफगाणिस्तान व ब्रह्मदेश अशा तीन मुलुखांत लढून आला. घरीं मात्र पोंचला नव्हता.

मारामारीच्या चित्रपटांसाठीं या पानांतील जागा खर्च करावी काय, अशी शंका एकाद्या वाचकास येईल. आम्हांसही ती आली होती. रॅम्बो हें नांव आपल्याकडे बहुधा थट्टेनेंच उच्चारलें जातें. अंगांत बळ नसतां आव आणणाऱ्यास ‘मोठा रॅम्बो लागून गेलास!’ असें म्हणण्याची रीत आहे, आणि डोक्याला पट्टी बांधलेलें त्याचें उघडें अंग आमच्या पिढीनें व्यायामशाळांच्या भिंतींवर पाहिलें, तें चित्रपट पाहण्याच्या किती तरी आधीं. परंतु अलीकडे हे चित्रपट आम्हीं क्रमानें व लागोपाठ पाहिले, तेव्हां त्यांत करमणुकीहून निराळें असें कांहीं हातीं लागलें. एक मोठें राष्ट्र युद्ध हरतें. तो पराभव तें स्वतःला कसकसा सांगतें, कोठें टाळतें आणि म्हातारपणीं कितपत कबूल करतें, याची ही एक बखरच आहे. आणि इतर बखरींप्रमाणेंच तींत खरें काय व पदरचें काय हें निवडून घ्यावें लागतें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पहिल्या चित्रपटानें स्वतःच्या देशाच्या दारांत उभें राहून एक हिशेब मागितला. पुढच्या दोहोंनीं तो परदेशांत नेऊन चुकता केल्याचें सोंग केलें. आणि वीस वर्षांनीं आलेल्या चौथ्यानें तो हिशेब पुन्हां मागितला नाहीं, तरी चुकता झालेला नाहीं एवढें मान्य केलें.

या सर्वांचें मूळ एका कादंबरींत आहे. तिचा कर्ता डेव्हिड मॉरेल हा मूळचा कॅनडाचा. १९६८ च्या सुमारास तो पेनसिल्व्हानियांत विद्यापीठांत शिकत असतां त्यानें दूरचित्रवाणीवर लागोपाठ दोन बातम्या पाहिल्या. एक व्हिएतनाममधील चकमकीची होती. दुसरी अमेरिकेच्याच शहरांत उसळलेल्या दंगलीची, जेथें बंदोबस्तास सैनिक उतरले होते. आवाज बंद केला असतां हीं दोन्हीं एकाच लढाईचीं चित्रें वाटावींत, असें त्याच्या मनांत आलें, आणि तेथें कादंबरीचें बीज पडलें. नायकाच्या नांवाची हकीकत गमतीची आहे. त्याच्या पत्नीनें आणलेल्या सफरचंदांच्या जातीचें नांव रॅम्बो असें होतें, व तो स्वतः त्या वेळीं रँबो या फ्रेंच कवीचें वाचन करीत होता; दोन उच्चार जुळले आणि नायकाचें नामकरण झालें. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकांत युद्धावरून परतलेला भटका सैनिक आणि त्याला गांवांतून हुसकणारा पोलीस अधिकारी टीझल या दोघांनाही लेखकानें सारखेंच मन दिलें आहे. टीझल हाही कोरियाच्या युद्धांत लढलेला. दोन युद्धांचे दोन सैनिक एकमेकांस समजून न घेतां एकमेकांचा नाश करतात. पुष्कळ माणसें मरतात, आणि शेवटीं रॅम्बोसही, ज्यानें त्याला तयार केलें त्या ट्रॉटमनच्याच हातून मरण येतें.

या कादंबरीचे हक्क दहा वर्षें या हातांतून त्या हातांत फिरत होते. अखेर टेड कॉचेफ या दिग्दर्शकानें सिल्व्हेस्टर स्टॅलोन यास घेऊन ती पडद्यावर आणली. चित्रीकरण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील होप नांवाच्या लहान गांवीं झालें, आणि कथेंतील अमेरिकन गांवासही तेंच नांव राहिलें. होप म्हणजे आशा. गांवाच्या पाटीवर हें नांव वाचून आंत येणाऱ्या मनुष्यास टीझल आपल्या मोटारींत घालतो व गांवाबाहेर पुलापाशीं सोडून देतो. रॅम्बो वळतो आणि पुन्हां गांवाकडे चालूं लागतो. साऱ्या अनर्थाचें कारण एवढेंच. कोणाचा खून नाहीं, चोरी नाहीं. एका मनुष्यास गांवांत एक वेळचें जेवण हवें होतें.

त्यापूर्वींचा एक लहानसा प्रसंग पुष्कळांच्या लक्षांतून निसटतो, म्हणून येथें सांगतों. रॅम्बो आरंभीं चालत येतो तो आपल्या पलटणींतील एका सोबत्यास भेटावयास. तळ्याकांठीं घर आहे, सोबत्याची आई कपडे वाळत घालीत आहे. ती सांगते कीं, तो कर्करोगानें गेला. व्हिएतनामची झाडी मारण्याकरितां जें ‘एजंट ऑरेंज’ नांवाचें रसायन फवारलें, त्याचा हा परिणाम. म्हणजे चित्रपटाचा पहिला मृत्यु कथा सुरू होण्यापूर्वींच झालेला आहे, व तो शत्रूच्या हातून झालेला नाहीं. त्यानंतर पडद्यावर प्रत्यक्ष मरतो तो एकच मनुष्य. वरिष्ठांचा हुकूम मोडून हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडणारा एक पोलीस, रॅम्बोनें फेंकलेल्या दगडामुळें वाहन हेलकावतांच, तोल जाऊन खालीं पडतो. दगड फेंकणाऱ्याच्या मुद्रेवर विजय नसतो, घाबरलेपण असतें. ज्यांनीं केवळ नांव ऐकलें आहे त्यांस ही गोष्ट खरी वाटणार नाहीं, परंतु पहिल्या रॅम्बोची रक्ताची जमा इतकीच आहे.

शेवटचा प्रसंग पोलीसचौकींत घडतो. गांव पेटलेलें आहे, बाहेर शिपायांचा वेढा आहे, आणि इतका वेळ जवळजवळ न बोललेला हा मनुष्य ट्रॉटमनपुढें एकदम बोलूं लागतो. युद्धांत लाखो डॉलरांचीं यंत्रें आपल्या स्वाधीन होतीं आणि येथें मोटारी उभ्या करून देण्याची नोकरीही टिकत नाहीं, असें तो म्हणतो. सायगांवांत बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराच्या पेटींत बाँब होता. त्यानें मित्राच्या चिंधड्या झाल्या, त्या आपण गोळा करीत होतों, हें सांगतां सांगतां तो लहान मुलासारखा रडतो. स्टॅलोनच्या अभिनयाविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. या पांच मिनिटांपुरतें तें आम्ही मागें घेतों. युद्धानंतरच्या या मनोविकारास अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनें आपल्या अधिकृत ग्रंथांत स्वतंत्र नांव दिलें तें १९८० सालीं, म्हणजे अवघें दोन वर्षें आधीं. आणि चित्रपट लागल्यावर तीन आठवड्यांनीं, १३ नोव्हेंबर १९८२ रोजीं, वॉशिंग्टन येथें मृतांच्या नांवांची ती प्रसिद्ध काळी भिंत राष्ट्रास अर्पण झाली. सायगांव १९७५ च्या एप्रिलांत पडलें होतें. साडेसात वर्षें ज्याविषयीं घराघरांत मौन होतें, तें एकाच ऋतूंत दगडावर व पडद्यावर आलें.

कादंबरीप्रमाणें येथेंही रॅम्बोनें मरावें, असा शेवट चित्रित झाला होता. तो ट्रॉटमनचा पिस्तूल धरलेला हात आपल्याकडे ओढून घेतो आणि गोळी सुटते. आधीं बोलावलेल्या प्रेक्षकांस हा शेवट मुळींच रुचला नाहीं, म्हणून तो काढून, रॅम्बो शरण जातो असा दुसरा जोडण्यांत आला. प्रेक्षकांचें मन आम्हांस समजतें. त्यांनीं त्या सैनिकास जीवदान दिलें. मात्र त्या जीवदानाचा धंदेवाईक उपयोग काय होणार हें त्यांस कळण्याजोगें नव्हतें.

तो तीन वर्षांतच कळला. २२ मे १९८५ रोजीं दुसरा भाग आला. दिग्दर्शक जॉर्ज कॉस्मॅटॉस. पटकथेवर जेम्स कॅमेरॉन व स्वतः स्टॅलोन यांचीं नांवें. तुरुंगांत खडी फोडणाऱ्या रॅम्बोस ट्रॉटमन बाहेर काढतो, आणि व्हिएतनाममध्यें अमेरिकन युद्धकैदी अजून आहेत काय याचा शोध घेण्यास पाठवितो. या वेळीं आपल्याला जिंकूं देणार ना, असा रॅम्बोचा प्रश्न आहे. त्या प्रश्नांत सारा चित्रपट आला. युद्ध हरलें तें रणांगणावर नव्हे, घरच्या कारकुनांनीं हरविलें, हा त्याचा सिद्धांत. म्हणून एक भित्रा सरकारी अधिकारी व त्याच्या जोडीला रशियन सेनापति असे दोन खलपुरुष योजले आहेत.

कैद्यांची ही कल्पना आली कोठून? १९७३ सालीं तह झाल्यावर व्हिएतनामनें ५९१ कैदी परत केले. परंतु ज्यांचे देह मिळाले नाहींत वा ज्यांचा पत्ता लागला नाहीं, अशांची संख्या अडीच हजारांहून अधिक होती, आणि त्यांच्या आयाबायांनीं आशा सोडली नाहीं. ही गोष्ट मराठी वाचकास समजावून द्यावयास नको. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले हें पार्वतीबाईंच्या मनानें स्वीकारलें नाहीं. आणि तसल्याच न मिटलेल्या आशेच्या बळावर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागें फौज जमली, आणि १७७६ सालीं त्यास देहांत शासन होईपर्यंत कित्येक शहाण्यासुरत्या माणसांस तो खरा वाटला. अमेरिकेंत त्याच आशेवर चित्रपट निघाले; हा त्यांतील सर्वांत मोठा. पुढें सेनेटच्या एका समितीनें वर्षभराहून अधिक काळ चौकशी केली आणि १९९३ च्या जानेवारींत निर्णय दिला, कीं असा एकही अमेरिकन तेथें कैदेंत जिवंत असल्याचा खात्रीलायक पुरावा नाहीं. पण तोंपर्यंत पडद्यावर ते कैदी सुटून आलेले होते.

या भागानें पहिल्याच्या तिप्पट पैसा अमेरिकेंत मिळविला. १९८५ च्या जूनअखेर बैरूतमधील ओलीस सुटले, तेव्हां भाषणापूर्वीं ध्वनिक्षेपकाची चाचणी चालू असतां अध्यक्ष रेगन थट्टेनें म्हणाले, कीं काल आपण रॅम्बो पाहिला, पुढच्या वेळीं काय करावयाचें तें आतां कळलें. राज्यकर्त्यानें थट्टा करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तीन वर्षांपूर्वीं हाच मनुष्य ज्या राज्यव्यवस्थेपुढें रडला होता, तिच्याच प्रमुखाच्या ओठांवर तो आतां शौर्याची उपमा होऊन बसला, ही घटना विचार करण्यासारखी खास आहे.

तिसऱ्या भागाविषयीं थोडक्यांत लिहितों. त्याची योग्यता तेवढीच आहे. १९८८ च्या २५ मे रोजीं तो आला, तेव्हां तो त्या काळचा सर्वांत खर्चिक चित्रपट म्हणून गाजला होता. रॅम्बो अफगाणिस्तानांत मुजाहिदीनांबरोबर रशियनांशीं लढतो. दैवाचा खेळ असा, कीं रशियन सैन्य दहा दिवस आधींच, १५ मे पासून, तेथून निघूं लागलें होतें. युद्धाचा चित्रपट युद्ध आवरतें घेण्याच्या दिवसांत लागला. त्यांत एक वाक्य मात्र इतिहासानें उचलून ठेवावें असें आहे. कैदेंतील ट्रॉटमन रशियन अधिकाऱ्यास बजावतो, कीं व्हिएतनाममध्यें आम्ही जी चूक केली तीच तुम्ही येथें करीत आहां. पुढें २००१ पासून २०२१ पर्यंत त्याच डोंगरांत अमेरिकेचें सैन्य होतें, हें ध्यानांत घेऊन हा प्रवेश आज पाहावा. जातां जातां एका दंतकथेचें निरसन करितों. चित्रपट मुळांत शूर मुजाहिदीनांस अर्पण केलेला होता, व २००१ नंतर ती अर्पणपत्रिका बदलून अफगाण जनतेच्या नांवें केली, असें पुष्कळ जण खात्रीनें सांगतात. १९८८ सालींच आलेल्या परीक्षणांत ती अफगाण जनतेसच असल्याचा उल्लेख आहे. गोष्ट चटकदार आहे, खरी नाहीं.

यानंतर वीस वर्षें शांतता. सोव्हिएट संघ मोडला, ट्रॉटमनचें काम करणारा रिचर्ड क्रेना २००३ सालीं वारला, तीनही भागांस संगीत देणारा जेरी गोल्डस्मिथ त्याच्या पुढच्या वर्षीं गेला. इराकचें युद्ध चालू होऊन अमेरिकेंत पुन्हां नवे सैनिक परत येऊं लागले होते. अशा वेळीं एकसष्ट वर्षांच्या स्टॅलोननें चौथा भाग स्वतःच दिग्दर्शित करून पुढें आणला. आम्हीं तो पाहावयास घेतला तेव्हां मनांत अनादरच होता. म्हाताऱ्या नटांनीं तरुणपणच्या भूमिका उकरून काढाव्या, हें दृश्य आमच्या रंगभूमीवरही कांहीं अपरिचित नाहीं.

रॅम्बो आतां थायलंडांत सालवीन नदीवर होडी चालवितो आणि विषारी साप धरून विकतो. कोलोरॅडोहून आलेले कांहीं मिशनरी औषधें घेऊन नदीपलीकडील करेन लोकांकडे जाऊं पाहतात. मंडालेच्या तुरुंगामुळें ब्रह्मदेशाचें नांव मराठी घरांत परकें नाहीं. परंतु १९४९ पासून तेथील सरकारशीं झगडणाऱ्या या करेन लोकांची माहिती आपल्यापैकीं थोड्यांसच असेल. मिशनऱ्यांस रॅम्बो एकच विचारतो, कीं शस्त्रें नेतां आहांत काय? नाहीं असें उत्तर मिळतांच, मग कांहीं बदलणार नाहीं, असें म्हणून तो पाठ फिरवितो. ज्यानें दुसऱ्या भागांत एकट्यानें युद्ध जिंकलें, त्याच्या तोंडचें हें उत्तर आहे.

या चित्रपटांतील हिंसा भयंकर आहे. मोजणाऱ्यांनीं मृतांचा आंकडा दोनशेंच्या वर नेला आहे. कुटुंबासह पाहण्याचा हा चित्रपट नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु ही हिंसा दुसऱ्या-तिसऱ्या भागांतल्यासारखी आतषबाजी नाहीं. तेथें माणसें दूरवर कोलमडत व प्रेक्षक टाळी वाजवी. येथें देह फाटतात, आणि टाळीसाठीं वर आलेला हात तेथेंच राहतो. आरंभीं ब्रह्मदेशांतील खऱ्या अत्याचारांचीं दृश्यें जोडलेलीं आहेत. त्यामुळें पुढील बनावट रक्तासही एक प्रकारचें वजन येतें. सुरा घडवीत बसलेला रॅम्बो मनाशीं कबूल करतो, कीं आपण देशासाठीं मारलें नाहीं, स्वतःसाठीं मारलें. पंचवीस वर्षांत या मालिकेनें उच्चारलेलें हें सर्वांत कठोर वाक्य होय, आणि तें शत्रूविषयीं नाहीं.

त्याहून आम्हांस विशेष वाटली ती त्याच्या स्वप्नाची योजना. रात्रीं त्याला जुनीं दृश्यें दिसतात, आणि त्यांत १९८२ सालीं कापून टाकलेला तो शेवटही आहे : ट्रॉटमनचें पिस्तूल, गोळी, खालीं पडणारा तरुण रॅम्बो. प्रेक्षकांनीं रद्द केलेलें मरण नायकाच्या मनांतून रद्द झालेलें नव्हतें! अश्वत्थाम्याला जसें चिरंजीवित्व हा शापच झाला, आणि भळभळती जखम घेऊन तो तेल मागत फिरतो अशी समजूत आपल्याकडे आहे, तशी कांहीं अवस्था या एका क्षणांत सूचित होते. पहिल्या चित्रपटाचें एवढें स्मरण मधल्या दोहोंस कधींच नव्हतें.

म्हणून हा चौथा भाग पहिल्याच्या बरोबरीचा ठरतो काय? आमच्या मतें नाहीं. पहिल्यांत टीझलही माणूस होता. त्याचा राग, त्याचा गांवाविषयींचा अभिमान आपल्याला कळत होता. येथील ब्रह्मी सेनाधिकाऱ्यांस क्रौर्यावांचून दुसरा गुण नाहीं, आणि ज्यांच्यासाठीं हें सारें चाललें त्या करेन लोकांस तरी मरण्यापलीकडे फारसें काम कोठें दिलें आहे? अर्धशतकाहून अधिक काळ स्वतः लढणारे हे लोक पडद्यावर गोऱ्या पाहुण्यांच्या दुःखाची पार्श्वभूमि होऊन राहतात. पहिल्या चित्रपटांत जो प्रश्न होता, कीं ज्या देशानें यास पाठविलें तो यास परत घेणार कीं नाहीं, तो येथें विचारलाच जात नाहीं. तरीही एक गोष्ट या चित्रपटाच्या बाजूनें नोंदली पाहिजे. त्याचें चित्रीकरण आटोपल्यावर, १९८८ नंतरचा सर्वांत मोठा उठाव २००७ च्या सप्टेंबरांत ब्रह्मदेशांत झाला, भिक्षु रस्त्यावर उतरले, आणि सरकारनें तो चिरडला. तेथें चित्रपटावर बंदी आली, व चोरट्या प्रती हातोहातीं फिरूं लागल्या. करेन बंडखोरांनीं त्यांतील संवाद उचलले असें वृत्त आलें, तेव्हां स्टॅलोननें त्याचा अभिमान बोलून दाखविला. अमेरिकेच्या समाधानासाठीं रचलेल्या या नायकास प्रथमच असे कोणी प्रेक्षक मिळाले, ज्यांचा जीव खरोखरच त्या युद्धांत अडकला होता.

आणि मग तो शेवट. लढाई संपल्यावर डोंगरावर उभा असलेला रॅम्बो खालीं पाहतो. हंसत नाहीं, हात वर करतो व निघतो. पुढें ॲरिझोनांतील एका रस्त्यावर, वडिलांचें नांव लिहिलेल्या टपालपेटीपाशीं तो क्षणभर थांबतो, आणि लांब वाटेनें घराकडे चालूं लागतो. संवाद नाहीं. घरांत कोण आहे तें आपल्याला दाखवीत नाहींत. होपच्या पुलावरून जो मनुष्य गांवाकडे वळला होता, त्याला कोणी अडविण्याविना चालूं दिलेली ही पहिलीच वाट. येथें मालिका थांबती तर बरें होतें.

ती थांबली नाहीं. २०१९ च्या सप्टेंबरांत ‘लास्ट ब्लड’ आला. म्हातारा रॅम्बो वडिलांच्या त्या वाडीवर राहतो, घोडे पाळतो, मुलीप्रमाणें वाढविलेली एक पोर मेक्सिकोंत गुंडांच्या हातीं सांपडून मरते, आणि तो सूड घेतो. बाकी सांगण्यासारखें नाहीं. खुद्द मॉरेलनें या चित्रपटाशीं आपलें नांव जोडलें गेल्याची लाज वाटते असें जाहीरपणें म्हटलें. एक तपशील मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. ज्या घरीं पोंचावयास त्याला इतकीं वर्षें लागलीं, त्याच्या खालीं त्यानें लांबच लांब भुयारें खणून ठेवलीं आहेत, व्हिएतनाममधल्यासारखीं. वर बैठकीची खोली, घोडे, ओसरी. खालीं अंधार, आणि शेवटीं त्या अंधारांत लावलेले सांपळे. शत्रु त्यांत एकेक करून मरतात. मग रॅम्बो वर येतो, रक्त वाहात असतां ओसरीवरील झुलत्या खुर्चींत बसतो, आणि पडद्यावर १९८२ पासूनचीं जुनीं दृश्यें एकामागून एक सरकूं लागतात.